मिनिटाला सव्वाचार लिटर

डोक्यावर साबणाचा फेस, डोळे घट्ट मिटलेले, आणि शॉवरची धार एकाएकी बारीक झाली. बंद पडली नाही. बंद पडली असती तर माणूस नशिबाला दोन शिव्या घालून मोकळा झाला असता. बारीक झाली, आणि नेमक्या त्याच वेळी खालच्या अंगणातून नळीचं पाणी पानांवर पडल्याचा आवाज आला, भरघोस, पोट भरलेल्या माणसाच्या हसण्यासारखा. धाकट्याने मिटल्या डोळ्यांनीच दोन गोष्टींची गाठ मारली. खाली थोरला भाऊ झाडांना पाणी घालतो आहे. वर आपल्या डोळ्यांत साबण जातो आहे. त्याने नळ पुरता उघडला, पुन्हा पिळला, पुन्हा उघडला. धार तेवढीच. कपाळावरून उतरणारा फेस त्याने हाताने निपटून काढला आणि पुसलेल्या एका डोळ्याने शॉवरकडे असं पाहिलं, की समोर परीक्षेला बसलेलं कोणी असतं तर त्याने मांडीखालचा कागद आपण होऊन काढून दिला असता.

ती नजर त्याची पोटापाण्याची होती. घरात त्रेपन्न वर्षं ‘धाकटा’ म्हणवून घेणारा हा माणूस परीक्षा मंडळाच्या गैरप्रकार कक्षात सव्वीस वर्षं बसत होता, आणि तिथे त्याला कोणी धाकटं समजत नसे. टेबलावर उत्तरपत्रिकांच्या जोड्या यायच्या. मागे-पुढे बसलेले दोघे, एकाच बाकावरचे दोघे, एकाच गल्लीतले दोघे. नवख्या सहकाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, की बरोबर उत्तरं दोघांची सारखी येतात, त्यात काही नाही. सारखी चूक मात्र उचललेली असते. शिवाय योगायोग एकदा घडतो. दुसऱ्यांदा घडला की त्याची फाईल उघडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आंघोळीला शॉवर आखडला, पुन्हा खाली पानं वाजली, आणि धाकट्याने ओल्या पायांनीच जाऊन टेबलाच्या खणातली एक कोरी वही काढली.

वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, दहा लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद, खालचा आवाज. माप स्वयंपाकघरातल्या नळावर घ्यायचं, कारण पाणी वर चढून येतं ते आधी तिथेच. पहिल्या दिवशी बादली पासष्ट सेकंदांत भरली. ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती, पण चांगली गोष्टही नव्हती. बायकोने त्याला मनगटावरचं घड्याळ आणि बादली यांच्यामध्ये वाकून उभं असलेलं पाहिलं आणि विचारलं, की बादलीला ताप आलाय का. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकड्यांनी दबणारी नव्हती. रस्ता खणला होता ना दोन महिन्यांपूर्वी, ती म्हणाली, तेव्हापासून नळाला बारीक वाळू येते. शॉवर काढून झटका एकदा. धाकट्याने हे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं नाही. वाळू ही एक शक्यता होती, हे खरं. पण वाळूला खालच्या मजल्यावर कोणी वहिनी नसते, अंगण नसतं, आणि सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी झाडांना पाणी घालायची सवय नसते.

खालचा मजला मुळात त्याचा होता. दादाच्या लग्नाच्या वेळी बाबांनी वर मजला चढवला, तेव्हा वरचं थोरल्याला आणि खालचं धाकट्याला, अशी वाटणी झाली होती, आणि तेवीस वर्षं ती तशीच चालली. मग तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दादा जिना उतरून आला, खुर्चीत बसला, दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवले आणि म्हणाला, की धाकट्या, आता जिना होत नाही, तू वर जातोस का. धाकटा लगेच हो म्हणाला. कोण नाही म्हणेल? पण हो म्हणता म्हणता मनात बोट टेकवून ठेवलं होतं. वरचा वारा, वरचा उजेड, वरची गच्ची सोडून माणूस खाली का येतो? गुडघे सगळ्यांचेच दुखतात. खाली अंगण आहे, फाटक आहे, पाण्याचा मीटर आहे. सामानाची अदलाबदल झाली त्या दिवशी दादा जिन्याखाली मोडकी खुर्ची टाकून बसला होता आणि वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आशीर्वाद दिल्यासारखा हात वर करत होता. त्या हाताचाही धाकट्याला तेव्हा संशय आला होता.

हे आजचं नव्हतं. लहानपणी खाऊचा तुकडा एकच असला तर घरात नियम होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने निवडायचं. कापायचा नेहमी दादा. निवडायचा धाकटा. याहून सरळ न्याय कोणता? पण धाकटा दोन्ही तुकड्यांसमोर इतका वेळ उभा राहायचा, की आई ओरडायची. त्याला वाटायचं, दादाने मुद्दाम एक तुकडा रुंद आणि पातळ कापलाय, आणि दुसरा अरुंद आणि जाड. रुंद दिसणारा मी उचलावा म्हणून. मग तो अरुंद उचलायचा, आणि खाताना रुंदाकडे बघत राहायचा. दादा मात्र आपला तुकडा कुठला आहे याकडे न पाहताच खाऊन टाकायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत धाकट्याला एवढं एक कोडं सुटलं नव्हतं. ज्याने कापलं तो बघत कसा नाही? ज्याला आधीच माहीत असतं, तोच बघत नाही.

आठव्या दिवशी एका नव्या रकान्याची गरज पडली: घरघर. सकाळी सहाच्या सुमाराला खालून एक बारीक घरघर यायची, दहा मिनिटं टिकायची, थांबायची. त्याआधीच्या आठवड्यात वहिनीने एक खोकं घरात नेताना त्याने गॅलरीतून पाहिलं होतं. वहिनीने वर पाहिलं नव्हतं, आणि हेही वहीत गेलं. घरघर आणि खोकं. पाणी ओढायचा छोटा पंप एवढ्याच खोक्यात मावतो. मुख्य नळाला पंप लावला की आपल्याकडे आलेलं पाणीही तो मागे खेचतो, हे कार्यालयातल्या शिपायाने त्याला सांगितलं होतं, आणि शिपायाच्या चाळीत तसं खरोखरच झालं होतं. या गल्लीत कोणाच्याच छपरावर टाकी नाही. पाणी चोवीस तास थेट रस्त्यातल्या नळातून येतं. ज्याचा घसा मोठा त्याचा घोट मोठा.

आता जे सांगायचं ते वहीत नव्हतं. फाटकाच्या आत, दादाच्या खिडकीपासून चार हातांवर, जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. त्याच्याखाली मीटर, आणि मीटरपुढे दोन फाटे, दोन पितळी व्हॉल्व्ह. वरचा मजला झाला तेव्हा बाबांनी दोघांना तिथे उभं करून सांगितलं होतं, की उजवा थोरल्याचा, डावा धाकट्याचा; दुसऱ्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. बाबांचं हे वाक्य धाकट्याच्या उजव्या-डाव्या हातांनाच पाठ होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे वर्तमानपत्र आणायला उतरताना तो झाकणापाशी थांबला, बुटाची नाडी बांधायला बसला, पान्याच्या टोकाने झाकण उचकटलं आणि उजवा व्हॉल्व्ह एक आटा आवळला. फक्त एक. चोरी नव्हे, समज. दादाला कळावं, की कमी पाणी म्हणजे काय असतं. दादाला काही कळलं नाही. पानं पूर्वीसारखीच वाजली. दोन दिवसांनी दुसरा आटा. पानं वाजतच राहिली. याचा अर्थ एकच होता: खाली पंप आहे. मग तिसरा, मग चौथा. त्याच्या नाडीला त्या दिवसांत फार गाठी बसल्या. आणि गंमत अशी, की चौथ्या आट्यानंतर वरचं पाणी एकदम घसरलं. बादली एकशेदहा सेकंदांवर गेली. धाकट्याने हे सूडाचं लक्षण मानलं, म्हणजे दादाला कळलं, दादाने पंपाचा जोर वाढवला. आणि त्याने अर्धा आटा आणखी आवळला. दुसऱ्या दिवशी बादली एकशेचाळीस सेकंद. मिनिटाला सव्वाचार लिटर. त्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. वहीत सगळ्यांच्या हालचाली होत्या. एका माणसाच्या नव्हत्या. तपासनीस आपला बैठक क्रमांक कधी लिहीत नाही.

दरम्यान त्याने पाणीपुरवठा कार्यालयातून एक अर्ज आणून ठेवला होता. एका घराला दोन स्वतंत्र जोडण्या. अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागत, आणि मग अंगण मधोमध खणलं जाणार, दोन मीटर, दोन झाकणं, आणि कार्यालयाच्या नियमाप्रमाणे मध्ये भिंत. दादाने अर्ज हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला होता आणि शांतपणे म्हटलं होतं, की एका घराला दोन नळ कशाला. आधी प्लंबरला दाखव, त्यात खरोखर काही निघालं तर सही करतो. धाकट्याला यात डाव दिसला होता, पण त्याने मान डोलावली. प्लंबर म्हणजे साक्षीदार. साक्षीदारासमोर खालचा पंप निघेल, तेवीस दिवसांची वही उघडेल, आणि जे बोलायचं ते एकदाच बोलून होईल. आदल्या रात्री बायकोने चादर झाडता झाडता म्हटलं होतं, “वाळू काढता येते. एकदा बोललेलं काढता येत नाही. दादाही तुमच्यासारखेच काही विसरत नाहीत, पण ते लिहून ठेवत नाहीत. त्यांना लागलं तर आतच राहील.” धाकटा म्हणाला होता, की पुरावा असला म्हणजे ते बोलणं नसतं.

रविवारी नऊ वाजता प्लंबर आला. जाडजूड, सावकाश, गळ्यात दाबाचा काटा रबरी नळीसकट अडकवलेला, डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवून येतो तशा थाटात. त्याने वही पाहायला नकार दिला. आधी हाताला कळू दे, म्हणाला. शॉवरचं तोंड काढून त्याने तळहातावर आपटलं. चिमूटभर वाळू पडली. बायकोने धाकट्याकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण. ही सुरुवात असेल, प्लंबर म्हणाला, पण हे सगळं नव्हे. स्वयंपाकघरातला नळही मेलेला आहे. त्याने त्या नळाला काटा जोडला. बाजूची तोटी बंद ठेवून नळ सोडला तेव्हा काटा चढून तीनवर जाऊन बसला. तोटी उघडली आणि काटा कोसळला.

“दाब आहे,” तो म्हणाला. “वाट नाही. गल्लीत पाणी आहे, घरात पाणी आहे, मध्ये कुठेतरी गळा धरलाय.”

धाकट्याला तो शब्द आवडला. ते दोघे खाली गेले. बायको वरच्या नळापाशी थांबली, काट्यावर लक्ष ठेवायला. खाली दादा दारातच उभा होता, एका हाताने चौकट धरून, वहिनी मागे. प्लंबरने त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ पुरता सोडला. बादली अठ्ठावीस सेकंदांत भरली. धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. मग प्लंबरने वर हाक मारून विचारलं, की काटा हलला का. वरून उत्तर आलं, की जागचा हलला नाही. म्हणजे यांचं उघडल्याने तुमचं कमी होत नाही, प्लंबर म्हणाला. धाकट्याने विचारलं, की सकाळी काहीतरी घरघरतं, ते काय आहे ते आधी बघा. हे त्याने प्लंबरला विचारलं, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. वहिनी आत गेली आणि एक पट्टा घेऊन आली, त्याला वायर लोंबत होती. बटण दाबलं तसा तो घरघरला. गुडघ्याला लावायचा, ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, उठल्याबरोबर दहा मिनिटं. तिने बटण बंद केलं आणि पट्ट्याची वायर नको तितकी काळजीपूर्वक गुंडाळली. भाऊजी, आवाजानं झोपमोड होते का तुमची, तिने विचारलं. धाकटा नाही म्हणाला. आत कुठेतरी वहीतला एक रकाना रिकामा झाला, आणि तिथे गारवा शिरावा तसं त्याला वाटलं. पण रकाने आणखी होते.

चौघे, म्हणजे वरची बायको धरून पाच जण, आता एका झाकणावर आले होते. प्लंबरने ते उचकटलं आणि मांडी घालून बसला. वाकून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग उजव्या व्हॉल्व्हच्या चाकावर त्याने अंगठा फिरवला. याच्यावरची धूळ गेलीय, म्हणाला. डाव्यावर बोटभर आहे. हा कोणीतरी आवळलाय, आणि हल्लीच. धाकट्याने डाव्या चाकाकडे वाकून पाहिलं. उजवा आवळलेला आहे हे सिद्ध होणारच होतं, त्याची त्याने तयारी ठेवली होती. पण गळा धरलाय तर तो डाव्याचा असायला हवा होता, आणि डाव्याला कोणी हात लावलेला नाही, हे ठरलेल्यात नव्हतं.

“पण तो खालच्यांचा,” तो म्हणाला. “उजवा दादाचा. आमचा डावा.”

प्लंबरने उजवा व्हॉल्व्ह होता तिथून आणखी फिरवला, अर्ध्या आट्यात तो टेकला. वरच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, अहो, होतं तेही गेलं, एक थेंब नाही.

असे काही क्षण असतात की ज्यांत माणूस हुशार असण्याचा तोटा भोगतो. मंद माणसाला उलगडा व्हायला संध्याकाळ लागली असती. धाकट्याला श्वास घ्यायच्या आत सगळं समोर दिसलं: उजवा थोरल्याचा, म्हणजे वरच्या मजल्याचा, थोरला खाली आला, धाकटा वर गेला, पलंग गेले, कपाटं गेली, आणि जमिनीतले दोन नळ जिथल्या तिथे राहिले. तो एकोणीस दिवस स्वतःचाच गळा आवळत होता, आणि गुदमरलं की आणखी आवळत होता. ही चूक कोणाची उचललेली नव्हती. अशी दुसरी उत्तरपत्रिका सव्वीस वर्षांत त्याच्यासमोर आली नव्हती.

पण आणखी एक गोष्ट त्याला दिसली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम आवळलेला निघाला होता. झाकण दादाच्या खिडकीखाली होतं. वर बायकोने हे ऐकलं होतं. वहिनी दादाकडे वळून बघत होती, आणि तिच्या बघण्यात प्रश्न होता. जे सिद्ध करायचं म्हणून तेवीस दिवस आकडे मांडले, ते आपोआप सिद्ध झालं होतं. धाकट्याने फक्त गप्प बसायचं होतं. अर्जावर कारण लिहिलं जाणार, सही होणार, भिंत उठणार, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना कायमचं माहीत असणार, की थोरल्याने धाकट्याचं पाणी तोडलं होतं.

दादाने चौकटीवरचा हात काढला. तो आधी वहिनीकडे, मग वर खिडकीकडे, मग धाकट्याकडे बघून कसनुसा हसला.

“माझ्याच हातून झालं असेल,” तो म्हणाला. “झाडांना पाणी घालताना. काहीतरी फिरवलं असेन. आता आठवत नाही रे. राहू दे, उघडा तो.”

दरवर्षी एखादा मुलगा असा यायचा. समोर उभा राहून सांगायचा, की सर, चिठ्ठी माझीच होती, त्याची नव्हती. अशा कबुलीची एक खूण असते: तिला तपशील नसतो. धाकटा तेव्हा हळू आवाजात बारीकसारीक विचारत जायचा, कुठल्या खिशात, कुठल्या शाईने, आणि तिसऱ्या प्रश्नाला पोरगं गळायचं. त्याला कबुली खोटी आहे हे कळलं, की खरी चोरी कळल्यापेक्षा जास्त राग यायचा. तोच राग आता आला, सवयीने, विचाराच्या आधी.

“किती आटे फिरवलेस?” त्याने विचारलं.

“असतील दोन-तीन.”

“कुठल्या बाजूला?”

दादाचा हात हवेत फिरला. उघडायच्या बाजूला फिरला.

“झाकणाची कडी तुटलीय, दादा. ते उचकटायला उकिडवं बसावं लागतं. तू दोन वर्षांत उकिडवा बसलेला नाहीस. आणि दोन-तीन नाहीत. साडेचार.”

प्लंबरचा हात चाकावर होता. त्याने मान वर केली. मी अजून मोजलेले नाहीत, तो म्हणाला, कोणाला उद्देशून नाही. मग तो व्हॉल्व्ह उघडू लागला, पुटपुटत मोजत. एक. दोन. जुनं पितळ कुरकुरत होतं. तीन. पहिल्या तीन आट्यांना तसं काही कळतच नाही, तो मध्येच म्हणाला, शेवटाला येतं तेव्हाच गळा आवळतो. चार. पाच. चाक थांबलं. “अर्धा आत्ता मी बंद केला होता,” तो म्हणाला. “साडेचार बरोबर आहेत, साहेब.”

वर नळ उघडाच होता. पाणी भांड्यांवर आदळल्याचा आवाज आला, आणि बायको आनंदाने म्हणाली, की अहो, अंगावर उडतंय.

“पण तो तर तुझाच होता,” दादा म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. तो मदत करू पाहत होता.

“मला तुझा वाटला.”

दादाने हे वाक्य हातात घेतलेल्या वस्तूसारखं उलटं-सुलटं पाहिलं. वहिनी आत निघून गेली. प्लंबरने झाकण लावलं, हात पुसले, वेगळ्या जोडणीची आता काही गरज नाही असं सांगितलं आणि आपला काटा आणायला जिना चढून गेला. अंगणात दोघे उरले. दादा झाडांकडे बघत होता, एकेका कुंडीकडे, जणू कुठली किती प्यायली ते कोणी विचारेल.

“आणखी काय काय मोजत होतास रे?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

दादाने मान डोलावली. धाकट्याने ती मान ओळखली. ‘काही नाही, सर’ असं म्हणणाऱ्या पोरांसमोर सव्वीस वर्षं त्याने ती तशीच डोलावली होती. दादाला ती येते हे त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित कालपर्यंत येतही नसेल.

“तो अर्ज आण खाली,” दादा म्हणाला. “सही करतो.”

“आता कशाला, दादा? पाणी आलंय.”

“ऐकू येतंय मला,” दादा म्हणाला, आणि चष्मा आणायला आत वळला. चौकट धरून, एक पाय आधी, मग दुसरा. उंबऱ्याच्या आत गेल्यावर त्याने दार ओढून घेतलं. ते दार दिवसा उघडंच असायचं. धाकटा झाकणावर उभा राहिला. चष्मा दाराशेजारच्या फळीवर असतो, तो आणायला इतका वेळ लागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आणि मग हेही, की आपण सेकंद मोजतो आहोत.